सतरंजीवरची उपासना

जेऊर म्हणजे सोलापूर–दौंड मार्गावरचं, करमाळेकरांना जवळ पडणारं स्टेशन. आमच्या लहानपणी आजूबाजूला ख्रिस्ती घरं मोजकीच होती आणि देऊळ बांधणं कुणाच्याच ऐपतीतलं नव्हतं. म्हणून रविवारची उपासना आमच्या रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत व्हायची. बाज अंगणात जायची, ज्वारीचं पोतं भिंतीला लागायचं, सतरंजी पडायची.

केमहून, पारेवाडीहून माणसं पॅसेंजरने यायची आणि परतीच्या पॅसेंजरनेच जायची. प्रार्थना लांबवायची खोड असलेल्या एका काकांना गाडीची वेळ हाच काय तो उतारा होता. मालगाडी धडधडत आली की संदेश देणारा पुस्तकात बोट ठेवून गप्प बसायचा आणि शेवटचा डबा गेला की अडलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायचा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. त्या दिवशी प्रभुभोजन. त्याच्या द्राक्षरसासाठी आई आदल्या रात्री मनुका भिजत घालायची, सकाळी उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळायची. तो रस काळपट दिसायचा आणि आम्हा पोरांचा सगळा जीव उरलेल्या चोथ्यात असायचा.

आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी. आजीचा जीव त्याच बायबलावर. वाचन तिच्याकडेच असे. खोलीत पुरुष कितीही असोत, कुणाचा उच्चार चुकला की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची.

पण आमची उपासना खरी रंगायची ती भजनात. साहेबी चालींवरची भाषांतरित गीतं आम्ही इमानाने म्हणायचो, पण सूर ओढूनताणून लागायचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग निघाला की मात्र अंग आपोआप डोलू लागे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ती भक्तीला टाळ-मृदंगाची वाट मोकळी केली. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आमच्या खोलीत तो दरबार न ठरवताच भरायचा. शेजारच्या माळकरी काकू दारापाशी बसून टाळ धरायच्या. टाळ त्यांचेच होते. त्यामुळे त्या आषाढीला पंढरपुरी गेल्या की आमची उपासना बिनटाळाची.

हे सगळं गोडगोडच होतं असं नाही. घरातल्या मंडळीत लपायला जागा नसते. कोण आलं नाही, कुणाच्या पोराने काय केलं, हे प्रार्थनेच्या विनंतीत हमखास यायचं. ज्याच्या घरी उपासना, त्याची मर्जी राखावी लागायची. एकदा दोन घरांचं बिनसलं आणि काही महिने दोन सतरंज्या पडल्या. बायबलातल्या पौलाच्या पत्रांतही फिलेमोनाच्या घरची मंडळी येते, तंबू शिवणाऱ्या प्रिस्किल्ला-अक्विलांच्या घरची येते. तिथल्या रुसव्याफुगव्यांचा बंदोबस्त करायलाच त्याने निम्मी पत्रं लिहिली असावीत, अशी मला दाट शंका आहे. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातलं असंच एक घर उकरून निघालं. माणसं मावावीत म्हणून तिथे दोन खोल्यांमधली भिंतच पाडली होती. आमचं बाजेवर भागलं.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो. तिथलं चर्च मोठं, दगडी. बाकं, छापील पत्रक, माइक, सगळं व्यवस्थित. खांबाआड बसलं तर कुणी काही विचारत नाही, हे पहिल्यांदा मला फार आवडलं. मग खटकायला लागलं. आजारी पडून बरेच रविवार चुकवले, पण दारात कुणी आलं नाही. जेऊरला दुसऱ्या रविवारी भाकरी-पिठलं घेऊन कुणीतरी हजर झालं असतं, वर चार शब्द सुनावूनही गेलं असतं.

२०२० च्या टाळेबंदीत देवळं बंद झाली आणि उपासना पुन्हा घरात आली, पण मोबाइलवर. संदेश ऐकता येई, प्रार्थना करता येई, एकत्र गाता मात्र येत नसे. एकाचा आवाज दुसऱ्याकडे उशिरा पोचायचा, त्यामुळे ताल जमेना. शेवटी एकाने गायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून ओठ हलवायचे, असं ठरलं. उपासनेतलं नेमकं काय फोनवर येत नाही, ते तेव्हा समजलं.

जेऊरला आता उपासना चुलतभावाकडे भरते. त्याची बायको वाचन करते. पोरांना कीबोर्डवरची नवी गीतं हवी असतात, त्याला माझी हरकत नाही. मात्र आजीच्या पिढीने टिळकांचे अभंग ज्या चालींत म्हटले, त्या आमच्याकडच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या जुन्या प्रतीत सापडत नाहीत. तिथे शब्द आहेत, सूर नाही. त्या चाली ज्यांच्या गळ्यात आहेत ती माणसं आता थकली आहेत. तुमच्या घरात, गावात असं कुणी असेल तर येत्या रविवारी त्यांच्यासमोर बसा आणि मोबाइलवर तेवढ्या चाली उतरवून घ्या.