पंधरा लिटर दूध

2025 च्या जूनमध्ये बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गेल्या. मी ऑफिसच्या कॉलवर होते. हात जोडलेला इमोजी टाकला आणि परत कॉलमध्ये शिरले. संध्याकाळी लिफ्टमध्ये लक्षात आलं, की या काकू म्हणजे नक्की कोण हेच आपल्याला माहीत नाही. कोथरूडमधल्या या पाच मजली बिल्डिंगमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायला लागून मला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

सप्टेंबरमध्ये चेअरमन काकांनी जिन्यात गाठलं. "यंदा कोजागिरी करू या म्हणतोय गच्चीवर. तुम्ही कंप्युटरवाल्या ना? तेवढा तो फॉर्म करून द्या."

फॉर्म करायला दहा मिनिटं लागली. बाकी सगळ्याला तीन आठवडे.

पहिला वाद तारखेचा. कोजागिरी 6 ऑक्टोबरला, म्हणजे सोमवारी. शनिवारीच उरकू या, असं आम्हा नोकरीवाल्यांचं म्हणणं. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली, "अगं, चंद्राला शनिवार-रविवारची सुट्टी नसते." विषय संपला.

दुसरा वाद स्पीकरचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीच्या काही ठरावीक दिवसांना सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या चौकशीला कोण धावणार? आणि कोजागिरीचं दूध तर मध्यरात्री, चंद्र डोक्यावर आल्यावर प्यायचं. म्हणजे खरा कार्यक्रम सुरू होणार तेव्हाच आवाज बंद. शेवटी ठरलं, स्पीकर नकोच. तोंडी अंताक्षरी आणि ओली भेळ.

तिसरी अडचण माझ्या फॉर्मची. फ्लॅट 20, चार दिवसांत उत्तरं 8. मी दोनदा आठवण केली. लोकांनी अंगठे दाखवले, फॉर्म मात्र भरला नाही. माणसं किती ते कळल्याशिवाय दूध किती सांगायचं? शेवटी वही-पेन घेऊन दारं वाजवायला निघाले.

ऑफिसात मी असंच म्हणते, की युजरने भरलं नाही तर तो त्याचा प्रश्न. इथे दार उघडलं की दिसायचं, पहिल्या मजल्यावरच्या ताईंचं बाळ दीड महिन्याचं आहे, त्यांना फोन हातात घ्यायलाही वेळ नाही. चौथ्या मजल्यावरच्या मुलांना वाटत होतं, की भाडेकरूंना बोलावलेलंच नाही. "फॉर्ममध्ये मालकाचं नाव विचारलंय ना," त्यातला एक म्हणाला. तो रकाना मीच टाकला होता. मी, स्वतः भाडेकरू असून.

दुसऱ्या मजल्यावरचं ते दार मी सगळ्यात शेवटी ठेवलं. काकांनी दार उघडलं. मी घाईघाईने म्हटलं, "यंदा तुम्हाला यायचं नसेल तर काहीच हरकत नाही, मी फक्त सांगायला आले."

"दूध किती घेताय?" त्यांनी विचारलं.

58 माणसं, प्रत्येकी 200 मिली, म्हणजे साडेअकरा लिटरच्या वर. आटणार म्हणून 15 लिटर, मी हिशेब सांगितला.

"आणि तापवणार कशात?"

ते मी ठरवलंच नव्हतं. त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. स्टूल लावून मी एक भलंमोठं पातेलं खाली काढलं. बिल्डिंग नवी होती तेव्हा कोजागिरीचं दूध काकूच करायच्या म्हणे, याच पातेल्यात. "तळाशी एक बशी टाक, म्हणजे लागत नाही. आणि जायफळ शेवटी. ही शेवटीच घालायची."

मला तेव्हा जूनबद्दल काहीतरी बोलायचं होतं. जमलं नाही. पातेलं उचलून निघाले.

सोमवारी काका आले. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंतच, पुढचा जिना त्यांनी कठडा धरून चढला. शेगडीजवळ खुर्ची टाकून बसले आणि मला तीनदा गॅस कमी करायला लावला. अंताक्षरीत ते भाग घेत नव्हते, पण समोरच्या टीमला 'ळ' आला तेव्हा हसले. अकराच्या सुमारास म्हणाले, "मी जातो आता." बाराला दुधाचा पेला घेऊन मी खाली गेले. ते जागेच होते. दारातच उभं राहून त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर जास्त झाली." पेला मात्र रिकामा करूनच परत दिला.

दुसऱ्या दिवशी पातेलं घासून द्यायला गेले, तर म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे. माझ्याच्याने आता माळा होत नाही."

ते आमच्या बाल्कनीत आहे. वहीही आहे. त्यात 17 फ्लॅटांपुढे माणसांचे आकडे आहेत, तीन कोरे. त्यातल्या एका दाराबाहेर मला रोज रात्री उशिरा एकच चपलांचा जोड दिसतो. तिथे जायला कोजागिरीपर्यंत थांबायची खरं तर गरज नाही.