चार फुटांचा समुद्र

समुद्राचें पाणी खारें असतें, एवढें ज्ञान आपणां सर्वांस बालपणींच झालेलें असतें. परंतु पाण्यांत मीठ विरघळलें म्हणजे समुद्र झाला, असें मात्र नव्हे. चंद्राच्या ओढीनें येणारी भरती, वाऱ्यानें उठणाऱ्या लाटा आणि दूरदूरचें पाणी एकत्र आणणारे प्रवाह यांमुळें जें पाणी क्षणभरहि स्वस्थ बसत नाहीं, तोच समुद्र. कवींनीं या चांचल्याचें वर्णन शोभा म्हणून पुष्कळ केलें आहे. तोच समुद्रांतील जीवांचा श्वास होय, हें मात्र आम्हांस आमच्या नातवाच्या कांचेच्या टाकीनें शिकविलें.

आमचा नातू महाविद्यालयांत शिकतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें हौसेनें दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्यांतील माशांची टाकी मांडली. टाकीची लांबी ४ फूट, रुंदी दीड फूट आणि पाण्याची उंची दीड फूट. म्हणजे सुमारें २५० लिटर पाणी झालें. पुण्यासारख्या घाटावरच्या गांवीं समुद्राचें पाणी कोठून येणार? तें घरींच करावें लागतें. एका लिटरास ३५ ग्रॅम या मानानें त्यांत पावणेनऊ किलो मीठ लागलें. हें मीठ स्वयंपाकाचें नव्हे, समुद्रांतील इतर क्षारहि त्यांत प्रमाणशीर मिसळलेले असतात. तरी आमच्या कुटुंबानें तें पोतें पाहून, "एवढ्या मिठांत चार वर्षांचीं लोणचीं झालीं असतीं," असा शेरा मारलाच. टाकींत क्लाउन माशांची एक जोडी आणि आणखी दहा-बारा लहान मासे सोडले. क्लाउन मासे पैदास-केंद्रांत वाढलेले होते.

नातवाचें मन खरें गुंतलें होतें तें प्रवाळांत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं पाषाणी प्रवाळांचा समावेश झाला. त्यांस समुद्रांतून काढणें वा त्यांचा व्यापार करणें हा गुन्हा आहे. "प्रवाळ पाहावयाचे तर आपण मालवणास जाऊं, १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य झालें आहे. आपल्या घरीं मात्र ते येणार नाहींत," असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें तें मानलें, आणि आपलें सारें लक्ष लाटांकडे वळविलें.

प्रवाळ नसतांना लाटा कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर प्राणवायूंत आहे. माशाला पाण्यांत विरघळलेला प्राणवायु लागतो, आणि तो बहुतेक पाण्याच्या पृष्ठभागावरूनच आंत शिरतो. त्यांतहि गोड्या पाण्यापेक्षां खाऱ्या पाण्यांत तो सुमारें एक-पंचमांश कमी मावतो. पाणी कोमट असेल तर आणखीच कमी. पाणी निश्चल राहिलें, तर वरचा थर तेवढा हवेला लागतो आणि तळचें पाणी उपाशी राहतें. शिवाय माशांची घाण पचवून तिचें विष कमी करणारे सूक्ष्म जंतु टाकींतल्या दगडांवर वसति करितात. त्यांनाहि वाहत्या पाण्याबरोबरच अन्न आणि प्राणवायु पोंचतो. प्रवाळ तर एका जागीं खिळलेला जीव. त्याच्या अंगालगत स्थिर पाण्याचा एक पातळ पडदा असतो. लाट येऊन तो पडदा विरळ करील, तेव्हांच त्याचा बाहेरच्या पाण्याशीं देवघेवीचा व्यवहार सुलभ होतो.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीं कळली होती. १८४६ सालीं लंडनच्या अॅना थिन नांवाच्या बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं प्रवाळ राजधानींतील आपल्या घरीं आणिले. पंप नव्हते, वीज नव्हती. समुद्राचें पाणी पुनःपुन्हां मागविणें कठीण, म्हणून तेंच पाणी ताजें ठेवण्यासाठीं उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत बसण्याची युक्ति त्यांनीं काढली. रोज अर्धा-पाऊण तास हें काम चाले, आणि तें करी घरची मोलकरीण. पुढें पाण्यांत समुद्रवनस्पति ठेवून त्यांनीं प्रवाळ जवळजवळ तीन वर्षें जगविले. अशा टाक्यांचा गाजावाजा पुढें फिलिप गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकानें झाला. आम्हांस मात्र या कथेंत त्या मोलकरणीचे हातच दिसतात. घरांतल्या समुद्राची पहिली लाट त्या हातांनीं उठविली.

आतां तेंच काम वेव्हमेकर नांवाचे लहानसे पंप करितात. पंप पाण्यांत, आणि त्यास धरून ठेवणारें लोहचुंबक कांचेच्या बाहेर, अशी त्याची रचना. आमच्या टाकींत तासाला २००० लिटर पाणी ढकलणारे असे दोन पंप दोन टोकांस आहेत; म्हणजे टाकींतलें पाणी तासांत आठ वेळां ढवळलें जातें. माशांना हें पुरेसें आहे. प्रवाळांना याहून बरेंच अधिक लागतें. दोन्ही पंप एकदम न चालतां आळीपाळीनें चालतात, त्यामुळें पाणी कधीं पूर्वेस तर कधीं पश्चिमेस वाहतें, आणि घाण सांचण्यास कोपरा उरत नाहीं. पंपाचें तोंड किंचित् वर वळवावें, म्हणजे पृष्ठभाग हालता राहतो; तें वाळूकडे असेल तर वाळू उडून पाणी गढूळ होतें. मागें दगडांचा आडोसा ठेवावा. माशालाहि विसावा हवा असतो.

परंतु हा झाला प्रवाह. खरी लाट उठविण्याची रीत निराळी आहे, आणि ती आम्हांस झोपाळ्याच्या दाखल्यानें चटकन् उमगली. झोपाळ्यास भलत्या वेळीं कितीहि जोर लावा, तो अडखळतो. नेमक्या क्षणीं बोट लाविलें तरी झोंका चढत जातो. टाकींतल्या पाण्यालाहि स्वतःचा असा एक झोंका असतो. नातवानें पाणी एकदां हालवून दिलें आणि आम्हीं घड्याळ धरून दहा हेलकावे मोजले. १४ सेकंद लागले. म्हणजे एका हेलकाव्यास १.४ सेकंद. मग त्यानें एका पंपाचा नियंत्रक ०.७ सेकंद चालू आणि ०.७ सेकंद बंद असा लाविला. तोच लहानसा पंप, पण पांच-सहा मिनिटांत साऱ्या टाकीचें पाणी या टोकाहून त्या टोकास बोटभर वरखालीं होऊं लागलें. टाकी लांब असेल तर हा झोंका मंद होतो, पाणी खोल असेल तर जलद. अमरकोशांत साध्या लाटेस भंग, तरंग, ऊर्मि, वीचि हे शब्द आहेत, आणि मोठ्या लाटेस उल्लोल व कल्लोल. घरांत ऊर्मीवरच संतोष मानावा. कल्लोळाच्या नादीं लागल्यास कांचेच्या सांध्यांवर ताण येतो आणि जमिनीवर मिठाचें पाणी सांडतें.

गेल्या वर्षीं आषाढांत एका रात्रीं दहाच्या सुमारास वाऱ्यानें एक झाड तारांवर पडलें, आणि साऱ्या आळीची वीज गेली. पंप थांबले. टाकीचें पाणी आरशासारखें निश्चल झालें. दोनच्या सुमारास नातवानें आम्हांस उठविलें. विजेरीच्या उजेडांत पाहिलें, तों सारे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत होते, आणि त्यांचे कल्ले भराभर हालत होते. एरव्हीं थट्टामस्करी करणारा तो मुलगा अगदीं पांढरा पडला होता.

आमचें कुटुंब पूजेचा तांब्या घेऊन पुढें आलें. "आजी, तांबें नको! तांबें खाऱ्या पाण्यांत विष होतें," असें म्हणून नातवानें तो हात अडविला. मग सूनबाईंनीं प्लास्टिकचा जग आणला. टाकींतलें पाणी जगांत घ्यावें आणि हातभर उंचीवरून पुन्हां टाकींत ओतावें, असा क्रम सुरू झाला. एकेकानें अर्धा अर्धा तास वांटून घेतला. आम्ही, आमचें कुटुंब, चिरंजीव, सूनबाई, सारीं जणें त्या रात्रीं पाळीपाळीनें लाट झालों. थोड्या वेळानें मासे खालीं जाऊं लागले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊ वाजतां वीज आली. एक लहान मासा तेवढा वांचला नाहीं, बाकीचे तगले. नातवानें मेलेला मासा बागेंत पुरला, आणि त्याच आठवड्यांत आपल्या खाऊच्या पैशांतून बॅटरी आणली. वीज गेली कीं आतां एक पंप तिच्यावर आपोआप चालू होतो.

समुद्र हें काम युगानुयुगें कोणाच्या स्मरणावांचून करीत आहे. त्याचा एक तुकडा उचलून जो घरांत आणितो, त्यानें वारा आणि चंद्र या दोघांचेंहि काम अंगावर घेतलेलें असतें, आणि त्या कामास सुट्टी नाहीं. आमच्या शेजारच्या मुलांनाहि आतां अशा टाकीचा हट्ट सुटला आहे, आणि त्यांचे वडील आमचा सल्ला विचारतात. किंमत किती आणि मासे कोणते, हें दुकानदार सांगेल. आम्ही त्यांना एवढेंच विचारतों कीं, वीज जाईल त्या रात्रीं तुमच्या घरांत दोन वाजतां कोण उठणार, तें आधीं ठरलें आहे काय?