घमेलं

आईची शनिवारची पिशवी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. खाकी कापडाची, बंद शिवून शिवून जाड झालेली. तिच्यात एक पसरट ॲल्युमिनियमचं घमेलं, जुन्या धोतराचा पंचा, नेलकटर, खोबरेल तेलाची बाटली आणि कागदाच्या पुडीत खडेमीठ. घमेल्याचा काठ पिशवीबाहेर डोकावत असे. नगरच्या एका मिशन दवाखान्यात ती नर्स होती, आणि सुट्टीच्या शनिवारी दुपारी आमच्या वस्तीमागच्या गल्ल्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांची नखं काढायला जाई.

मी सातवी-आठवीत असताना तिच्यासोबत पाणी धरायला जायची. मार्केट यार्डात आयुष्यभर हमाली केलेले एक आजोबा होते, त्यांचे पाय मला चांगले आठवतात. टाचा भेगाळलेल्या, नखं शिंगासारखी जाड आणि आत वळलेली. आई त्यांना बाजेवर बसवायची आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घालून बसायची. कोमट पाण्यात मीठ घालून पाव तास पाय भिजत ठेवायची. तेवढ्या वेळात कांद्याचा भाव काय निघाला, नातवाला शाळेत घातलं का, गुडघा कसा आहे, असं सगळं बोलणं व्हायचं. मग पाय मांडीवर घेऊन पंच्यानं पुसायची, बोटांच्या बेचक्यांतून विशेष जपून, कारण तिथं ओल राहिली की कातडी कुजते. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात शिरायची नाही. शेवटी तळवा उजेडाकडे वळवून नीट बघायची. आजोबांना साखरेचा त्रास होता आणि अशा माणसाला कधीकधी पायात काच घुसली तरी कळत नाही.

एकदा मी म्हटलं, "आई, तू स्टुलावर बस ना, कंबर दुखते तुझी." ती म्हणाली, "वरून तळवा दिसत नाही गं."

हे वाक्य तिनं नर्स म्हणून उच्चारलं होतं. त्यात काही शिकवण द्यावी असं तिच्या मनातही नव्हतं. पण माझ्या श्रद्धेचा बराचसा भाग या वाक्यावर उभा आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि तेही एक चूक करून.

2020 च्या टाळेबंदीत आमच्या चर्चच्या मंडळीनं शिधावाटप केलं. पाच किलो गहू, दोन किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, चहापूड. पैसे मंडळीतल्या लोकांनी काढले होते, तरुण पोरांनी रात्र रात्र जागून पिशव्या भरल्या होत्या, त्यांच्या कष्टांबद्दल मला आजही आदर आहे. यादी माझ्याकडे होती आणि मोबाइलही माझ्याच हातात होता. देणगीदारांना हिशेब दाखवायचा म्हणून मी प्रत्येक पिशवी देतानाचा फोटो काढत होते. एक बाई पुढं आली, चार घरची धुणीभांडी करणारी, कामं सुटलेली. पिशवीला हात लावला आणि मी मोबाइल वर धरला, तशी तिनं पदर ओढून तोंड झाकलं. मी म्हटलं, "ताई, जरा इकडं बघा." तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "बाई, फोटो नका काढू. माझी पोरं शाळेत जात्यात." आणि पिशवी तिथंच सोडून निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत पंचवीस वर्षं शिकवलेली बाई मी, पोरांच्या तोंडाकडे बघून कोण उपाशी आलंय ते ओळखणारी. आणि त्या बाईच्या तोंडावरची लाज मला दिसली नाही, कारण मी उभी होते आणि मोबाइलमधून बघत होते. मला आजोबांचा तळवा आठवला. आईनं कधी कुणाच्या पायाचा फोटो काढला असता का? दवाखान्यातल्या तिच्या मैत्रिणींनासुद्धा ती शनिवारी कुठं जाते हे माहीत नव्हतं.

आम्ही ख्रिस्ती लोक 'सेवा' हा शब्द फार वापरतो. पाळकांना सेवक म्हणतो, पत्राखाली 'ख्रिस्तात आपला सेवक' असं लिहितो, वार्षिक अहवालात सेवेचे आकडे छापतो. पण ज्या प्रसंगातून तो शब्द आमच्याकडं आला तो योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि तो वाचताना माझी नजर हल्ली वेगळ्या ठिकाणी थांबते. येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र उतरवून ठेवतो, कंबरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी रस्त्याच्या धुळीनं माखलेले पाय धुणं हे घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचं काम. त्यांच्यातला पेत्र संकोचानं नको म्हणतो. गुरू पायाशी बसलेला बघणं त्याला जड जातं. आणि यहूदा, जो थोड्याच वेळात येशूला धरून देण्यासाठी उठून बाहेर जाणार आहे, तोही त्याच खोलीत आहे. त्याचेही पाय धुतले जातात. पात्र कोण, अपात्र कोण याची यादी त्या गंगाळाजवळ नव्हती. माझ्या हातात मात्र होती.

या विचारात असताना मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटल्या. एरवी आपण त्यांना मोठ्या स्त्री म्हणून लांबून नमस्कार करतो. वडिलांनी विरोध पत्करून घरातल्या बाईला संस्कृत शिकवलं, आईनं लेकीला शिकवलं आणि लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक या मुलीच्या तोंडपाठ झाले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण त्याआधी दुष्काळात अन्नान्न करत तिचे आई-वडील गेले होते, हे आपण विसरतो. म्हणून 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणायला त्या स्वतः गेल्या तेव्हा दयाळू परकी बाई म्हणून गेल्या नव्हत्या. भूक काय असते ते अंगावर सोसलेली बाई त्या मुलींच्या शेजारी जाऊन बसली होती. दौंडजवळच्या केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं, त्यात विधवा, अनाथ, अंध, टाकलेल्या अशा सगळ्या आल्या.

मला त्यांचं सर्वांत नम्र काम वाटतं ते बायबलच्या भाषांतराचं. त्या काळी छापील मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा संस्कृत वळणाची. रमाबाईंना ती सहज कळत होती, त्यांनाच नाही तर कुणाला कळणार? पण मुक्तीतल्या मुलींना, ज्वारी निवडणाऱ्या, दळणकांडण करणाऱ्या बायकांना ती कळत नव्हती. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि आयुष्याची शेवटची बरीच वर्षं साध्या मराठीत सगळं बायबल उतरवण्यात घातली. ज्या संस्कृतनं त्यांना पदव्या मिळवून दिल्या, तिच्यातले जड शब्द त्या एकेक करून बाजूला ठेवत गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला त्याच मुली बसल्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या आणि 1924 साली त्यांचं बायबल पूर्ण छापून निघालं. ते हातात घेतलं की मला जाणवतं ते एका विदुषीचं फरशीवर मांडी घालून बसणं.

आता एक अवघड गोष्ट. ख्रिस्ती माणसानं सेवा केली की शेजारच्याच्या मनात प्रश्न येतो, याच्या बदल्यात काय मागणार? हा प्रश्न मला अनेकदा तोंडावर विचारला गेलाय आणि त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. विचारणाऱ्याला पूर्ण उत्तर मिळायला हवं. आई आजोबांच्या पायाला हात लावण्याआधी क्षणभर डोळे मिटायची. प्रार्थना तिची, तिच्या देवाशी. आजोबांच्या घरात विठ्ठल-रखुमाईची तसबीर होती, आषाढीला ते आईच्या हातावर बुक्का आणि साखरफुटाणे ठेवायचे आणि आई ते दोन्ही हातांनी घ्यायची. तिनं त्यांच्याकडून काहीही मागितलं नाही, आभारसुद्धा. आणि 'मी ख्रिस्ती आहे' हे कधी लपवलंही नाही. घेणाऱ्यानं आपला देव सोडावा, आपला फोटो द्यावा, आपली कहाणी सांगावी, निदान हात तरी जोडावेत, यातली कुठलीही अट मनात असेल तर ती सेवा माझ्या मते सौदा आहे. सौद्याला सेवा म्हणणं हे प्रभूच्या नावाला काळिमा लावणं आहे, असं मी माझ्या मंडळीतही उभी राहून सांगितलंय.

त्या बाईकडे मी चौथ्या दिवशी गेले. मोबाइल घरी ठेवला होता. पिशवी दारात ठेवून माफी मागितली. तिनं आत बोलावलं, पण खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर कपड्यांचा ढीग. मी खाली बसले. कोपऱ्यात तिची सासू पडून होती. गोधडीबाहेर आलेले तिचे पाय मी बघितले. जाड, वळलेली नखं, उजव्या टाचेला खोल भेग.

तिनं कपातला अर्धा चहा मला बशीत ओतून दिला. घरात दूध नव्हतं. तो कोरा चहा मी प्यायले, नको म्हटलं नाही. पेत्राचा संकोच मला तेव्हा आतून कळला. देणाऱ्याला घेता यावं लागतं, आणि ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

माळ्यावरून आईचं घमेलं मी त्याच आठवड्यात काढलं. एका बाजूला पोचा आला होता, पण पाणी गळत नव्हतं. पिशवी मात्र नवी शिवावी लागली. मंडळीनं आता वाटपाचे फोटो काढणं बंद केलं आहे. हिशेब पावत्यांवर होतो, आणि तो तसाच व्हावा अशी इतर मंडळ्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे.

त्या घरातल्या आजींची नखं आता ठीक आहेत. टाचेची भेग थंडीत पुन्हा उघडते. येत्या शनिवारी तीन वाजता जायचं आहे, मीठ संपलंय, ते आणायला हवं.