मैदान मोठे कशाने होते?

धारहून देवासकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत इंदूर लागते. पवारांच्या या दोन जुन्या राजधान्यांमधील होळकरांची ही नगरी टाळू नये. धार येथे लाट मशिदीच्या आवारात प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. उंची निराळी आणि टिकाऊपणा निराळा, हा धडा तेथेच मिळतो.

इंदूरची मैदानेही तोच धडा देतात. यशवंत क्लबच्या जुन्या मैदानावर १९४५-४६ साली होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध आठ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतके झाली. शतकवीरांत भांडारकर, सरवटे, जगदाळे व निंबाळकर ही मराठी नावे होती. पुढे मोठ्या गर्दीसाठी नेहरू स्टेडियम उभे राहिले. तेथे २५ डिसेंबर १९९७ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, भारत व श्रीलंका यांचा सामना तीन षटकांतच सोडून द्यावा लागला. प्रेक्षागार भव्य होते, परंतु खेळपट्टी धोकादायक ठरली. २००६ पासून आंतरराष्ट्रीय सामने आजच्या होळकर स्टेडियमवर होऊ लागले.

परंतु आपणा ख्रिस्ती जनांस इंदूरचे आणखी एक मैदान ठाऊक असावे. ते सेंट पॉल शाळेचे. देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात गोरगरिबांची सेवा करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी त्या शाळेच्या मैदानावर हजारो भाविकांसमक्ष कार्डिनल अमातो यांनी राणी मारियांना धन्यवादित घोषित केले. एरवी जेथे मुले खेळतात, तेथे त्या दिवशी वेदी उभी होती.

वाचकहो, आपल्या चर्चसमोरही असेच मोकळे मैदान असते. सकाळी तेथे मिस्सेनंतर माणसे बोलत उभी राहतात, सायंकाळी मुले फुटबॉल खेळतात, सणाला सारा गाव जमतो. नवे सभागृह वा वाहनतळ यांसाठी ते मागितले जाईल, तेव्हा मोठ्या इमारतीच्या मोहाने चटकन होकार देऊ नये. इमारत पुढेही बांधता येईल. एकदा गेलेले मैदान मात्र परत मिळत नाही.