एकशे अठ्ठावीस ब्रास रेती

आमच्याकडे वाळूला वाळू म्हणत नाहीत, रेती म्हणतात. पाठ्यपुस्तकात वाळू असायची, गुरुजीही फळ्यावर वाळूच लिहायचे. पण शाळा सुटली की आम्ही धावायचो ते रेतीवर. त्यामुळे लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की वाळू समुद्राकाठी असते आणि रेती नदीत, आणि हे दोन पदार्थ अगदी निराळे आहेत. समुद्र मी अजूनही पाहिलेला नाही. तेव्हा ही समजूत गेली ती प्रवासाने नव्हे, एका फुटबॉलच्या सामन्याने. ती हकीगत सांगायची आहे.

माझे गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या खालच्या अंगाला. मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते, म्हणून तिचे माहात्म्य मोठे. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते आणि माणसांचा लोंढा देवळातून सरळ नदीच्या पात्रात उतरतो. आमचे वर्ष त्या पात्रावरच मोजले जायचे. धान कापून झाले की पाणी ओसरू लागे. पौषात पात्राच्या मधोमध रेतीची पहिली पांढरी पाठ वर येई, माघात तिच्यावरून बंडी जाई आणि पुढे ढिवरांच्या डांगरवाड्या लागत. डांगरवाड्या सोडून जी रेती उरे ती आम्हा पोरांची. तिच्यावर कोणाचा सातबारा नव्हता.

रेतीवर क्रिकेट होत नाही, कारण टप्पाच पडत नाही. चेंडू पडतो तिथेच बसतो, म्हशीसारखा. म्हणून आम्ही फुटबॉल खेळायचो. साऱ्या गडचिरोली जिल्ह्याने क्रिकेट खेळावे आणि आमच्या गावाने फुटबॉल, याचे एवढेच कारण होते. जत्रेतून आणलेला रबरी चेंडू, तुरीच्या काड्या रोवून केलेले दोन गोल आणि चपला काठावर एका ओळीत. चेंडू ज्याचा त्याला दोन नियम अधिक असत: तो दमला की खेळ थांबायचा आणि फ्री किक नेहमी तोच मारायचा.

आमच्यात एक होता, त्याला सगळे 'गोली' म्हणत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो गोलात उभा राहिला की दोन काड्यांमधले अंतर निम्मे होई. आडवा झेपावे, रेतीत घुसे आणि तोंडातली रेती थुंकत चेंडू घेऊनच उठे. कधी कंटाळा आला तर गोल सोडून पुढे येई आणि अंग मागे झोकून देऊन चेंडू डोक्यावरून उलटा मारी. ती उलटी लाथ तो कुठे शिकला असे मी एकदा विचारले होते. तो म्हणाला, ''शिकाचा का आहे त्यात? खाली रेती आहे ना.'' हे उत्तर मला तेव्हा उडवाउडवीचे वाटले. शाळेच्या मुरमाड पटांगणावर मात्र त्याने ती लाथ कधीही मारली नाही.

दहावीनंतर गोलीची शाळा सुटली. मी बारावी होऊन चंद्रपूरला आलो आणि जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला एक खोली घेऊन राहू लागलो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, गोली आपल्या आईला दवाखान्यात दाखवायला चंद्रपूरला आला. काकू नातेवाइकांकडे उतरल्या, तो माझ्या खोलीवर. चंद्रपूरचा मे महिना वाचकांना सांगायला नको. कूलरमधले पाणीही गरम झाले होते आणि झोप येणे शक्य नव्हते. मोबाईलवर काही पाहावे म्हणून चाळता चाळता रेतीवरचा फुटबॉल दिसला. अकरा मेची रात्र होती आणि सेशेल्समध्ये बीच सॉकरच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता: ब्राझील आणि बेलारूस.

गोली ताडकन उठून बसला. अनवाणी माणसे रेतीत धावत होती, पाय रुतत होते, चेंडू जमिनीवरून न ढकलता हवेतूनच एकमेकांना देत होते. एकाने अंग मागे टाकून उलटी लाथ मारली, तेव्हा गोलीने माझ्या मांडीवर अशी चापट मारली की ती सकाळीही दिसत होती. ब्राझीलने तो सामना ४-३ असा जिंकला. चौघांना तिघे म्हणजे अगदी थोडक्यात. ब्राझील जिंकणार हे ओघानेच आले. १९९५ साली पहिली जागतिक स्पर्धा रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर भरली, तेव्हाही ब्राझीलनेच अमेरिकेला ८-१ असे धुतले होते. २००५ पासून ही स्पर्धा फिफाकडे आली. त्या पहिल्या वर्षी मात्र रिओतच फ्रान्सने विजेतेपद नेले, आणि त्या संघाचा प्रशिक्षक होता प्रसिद्ध एरिक कँटोना.

मी नियम वाचून दाखवू लागलो. एका बाजूला गोलकीपर धरून पाच खेळाडू. बारा-बारा मिनिटांचे तीन डाव. पायात बूट नाही. बरोबरी मान्य नाही. जादा तीन मिनिटे, त्यानेही न भागले तर पेनल्टी. ज्याला पाडले त्यानेच उठून फ्री किक मारायची, आणि त्याच्यासमोर भिंत करून उभे राहायचे नाही. हा शेवटचा नियम गोलीला फार आवडला. ''म्हंजे चेंडूवाला नाई मारत,'' तो म्हणाला. आमच्या वैनगंगेवर हा न्याय पोहोचला नव्हता.

मग त्याने विचारले, ''हे बेलारूस कोन्त्या समुद्रावर आहे गा?''

भूगोल हा माझा विषय. मी ऐटीत नकाशा उघडला आणि गप्प झालो. बेलारूसला समुद्र नाही. चारी बाजूंनी जमीन. तरी हा देश २०२४ साली दुबईच्या विश्वचषकात चौथा आला होता आणि आता अंतिम सामन्यात एका गोलाने हरला होता. मला चेव आला आणि मी शोधतच गेलो. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. बर्फाच्या त्या देशाने २००९ साली दुबईत अंतिम फेरी गाठली, आणि दहा-पाच असा सामना हरला तरी स्पर्धेत सर्वांत जास्त म्हणजे सोळा गोल करणारा देयान स्टँकोविच त्यांचाच होता. याच्या उलट ताहिती: चहूकडे पाणीच पाणी असलेले महासागरातले एक बेट, पण २०१५ आणि २०१७ असे दोनदा अंतिम सामन्यात पोहोचले. आपल्याकडे २०२३ साली सुरतेच्या डुमस किनाऱ्यावर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. केरळने अंतिम सामना १३-४ असा जिंकला. समोर कोण होते? पंजाब! पाच नद्यांचा प्रदेश, समुद्राचा एक थेंब नाही. आणि सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्याचा आपला महाराष्ट्र त्या दिवशी कुठे होता हे विचारू नये. भारताचा राष्ट्रीय संघ आशियाई स्पर्धेत २००७ साली दुबईत खेळला, त्यानंतर थेट २०२५ च्या मार्चमध्ये थायलंडात पट्टायाला. मध्ये अठरा वर्षे गेली. थायलंड, कुवेत आणि लेबनॉन यांच्या गटातून आपण पुढे जाऊ शकलो नाही. पण अठरा वर्षे रेतीवर पाय न ठेवलेल्याने तेवढ्यावर खट्टू होऊ नये असे मला वाटते.

पण सगळ्यांत मजेदार पॅराग्वे. समुद्र नसलेल्या त्या देशाने २०१९ चा विश्वचषकच आपल्या अंगणात भरवला. राजधानी आसुन्सिओनला लागून लुके नावाचे शहर आहे, तिथे रेती पसरून मैदान केले. पोर्तुगालने इटलीला ६-४ असे हरवले ते तिथेच. त्या मैदानाचे नाव 'लोस पिनांदी', आणि त्यांच्या संघालाही याच नावाने ओळखतात. 'पिनांदी' हा ग्वारानी भाषेतला शब्द, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, अर्थ अनवाणी. ग्वारानीला तिथे स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा मान आहे. आमच्या जिल्ह्यात माडिया, गोंडी बोलणाऱ्या मुलाला वर्गात पहिल्यांदा उभे करतात तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एका जागतिक मैदानाला असे नाव असण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

''अनवानी,'' गोली म्हणाला आणि आपल्या पायांकडे पाहत राहिला. त्याच्या टाचांना मोठ्या भेगा होत्या, पाण्यात उभे राहून पडतात तशा. मी तेव्हा त्या पाहिल्या, पण विचारले काही नाही.

बोलण्याच्या भरात मी पुढे वाचले: मैदान कमीत कमी ३५ मीटर लांब, २६ मीटर रुंद, रेती निदान ४० सेंटिमीटर खोल, चाळलेली, तीत खडा नको आणि शिंपला नको. म्हणजे समुद्र लागतच नाही, रेती लागते. मी म्हणालो, ''हे तर आपल्याकडे होतं की रे.''

गोलीने विचारले, ''ब्रासात सांग. किती ब्रास?''

मी कागद घेतला. ३६४ घनमीटर. फुटात मांडले तर बारा हजार आठशे पन्नासच्या आसपास घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एकशे अठ्ठावीस ब्रास. मला हा आकडा प्रचंड वाटला. गोलीला नाही. तो क्षणभर छताकडे पाहत राहिला आणि सहज म्हणाला, ''येका रातचा काम आहे. मशीन असली तं.''

मग तो हसला, मीही हसलो, आणि आमचे हसणे एकाच वेळी थांबले. तो गावात 'ट्रॅक्टरवर' असतो एवढेच मला घरून माहीत होते. कसला ट्रॅक्टर, किती वाजता आणि कुठून कुठे, हे मी दोन वर्षांत विचारले नव्हते. एका खेपेचे किती मिळतात ते त्याने सांगितले. तो आकडा मी इथे लिहीत नाही. काकूंच्या औषधांचा आकडाही त्याने सांगितला, आणि तो पहिल्याहून मोठा होता.

परीक्षा संपल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी गेलो आणि चहा न घेताच नदीवर गेलो. आमचे मैदान मला सापडले नाही. जिथे काड्या रोवायचो तिथे कमरेइतका खड्डा होता, त्यात हिरवे पाणी साचले होते आणि एक बगळा उभा होता. दोन्ही काठांकडे चाकांच्या खोल वाटा गेल्या होत्या. पलीकडे पात्राची खालची काळी माती उघडी पडली होती. जन्मात कधी मी वैनगंगेची माती पाहिली नव्हती. नदीलाही माती असते हे मला ठाऊक नव्हते. डांगरवाडीवाला एक म्हातारा म्हणाला, औंदा वेल लावलाच नाही, लावू कशात?

घरी येऊन मी बरेच बोललो. कॉलेजात शिकतो म्हणून थोडे मोठ्याने बोललो. बाबा शांतपणे ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, ''घर का कागदाचा बांधतात?''

आमचे घर दोन वर्षांपूर्वीच झाले आहे, घरकुल योजनेतले. त्याआधी आम्ही कुडाच्या भिंतींत राहत होतो आणि श्रावणात माय रात्रभर भांडी सरकवत बसायची. घरकुलाला पाच ब्रास रेती मिळते. आमची रेती गोलीनेच आणून टाकली होती आणि खेपेचे पैसे घेतले नव्हते. मी त्या रात्री अंथरुणावर पडून हिशेब केला: एका मैदानात पंचवीस घरकुले होतात आणि तीन ब्रास उरतात. पंचवीस घरांत पाऊस शिरणार नाही. हा हिशेब चूक आहे असे मला म्हणता येईना. पण त्या हिरव्या पाण्यातून निघालेली सगळी रेती काही घरकुलांत गेलेली नाही, हेही मला माहीत आहे. ती कुठे गेली ते चंद्रपूर-नागपूरकडे नव्याने उठणाऱ्या इमारती पाहिल्या की दिसते. माझ्या खोलीमागेही एक इमारत उठते आहे, आणि फाटकाशी रेतीचा ढीग आहे. तिच्यावर लहान मुले खेळतात आणि चौकीदार त्यांना हाकलतो.

माझ्या उशाशी भिंतीच्या गिलाव्यात एक पांढरा ठिपका होता. नखाने खरवडले तर शिंपल्याचा तुकडा निघाला. या शिंपल्यांनी आमचे पाय कितीदा तरी कापले होते. गोली तर रक्त रेतीतच पुसून पुन्हा उभा राहायचा. फिफाच्या नियमात आमचे मैदान बसले नसते ते याच एका कारणाने. तुकडा मी पुन्हा भोकात दाबून बसवला, कारण तिथून गिलावा सुटू लागला असता.

आमच्या नदीचे पाणी अरबी समुद्राला जात नाही. खाली चपराळ्याजवळ वर्धा नदी भेटते, दोघींची प्राणहिता होते, सिरोंच्याला गोदावरी आणि मग बंगालचा उपसागर. रेतीही त्याच वाटेने हळूहळू जात असते. म्हणजे रेती ही समुद्राला निघालेली, अजून न पोहोचलेली वाळूच; माझी लहानपणची समजूत इथे संपली.

पावसाळा भरपूर झाला. कार्तिकात एका संध्याकाळी गोलीचा फोन आला. काकूंना बरे आहे म्हणाला. मग म्हणाला, ''रेती आली बे. पुरानं आनून टाकली. मार्कंड्याकडच्या बाजूनं, थोडीशीच.''

''किती?''

''पाच-पाचाच्या वर पोट्टे नाई मावत.''

मी म्हटले, पाच-पाचच तर लागतात. तो म्हणाला, ''मालूम आहे. म्हनून तं फोन केला. चेंडू आहे, हवा नाई त्यात. येताना पंप घेऊन ये. आन दिवसा ये, रातच्याला मले काम रायते.''