संतमसावरचा वारा आणि खाडीकाठचा पाऊस

एचडी ८६०८१ या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका ग्रहाचे नाव ‘संतमस’ आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याच्या एका ग्रहाचे नामकरण करण्याचा मान दिला होता. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांचे नाव मिळाले. ग्रहाचे नाव सुचविले पुण्यातील एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने. या संस्कृत शब्दातून त्या ग्रहाचे ढगांनी झाकोळलेले वातावरण सूचित व्हावे, अशी कल्पना होती.

वास्तविक तिथले ढग कोणी पाहिलेले नाहीत. वस्तुमान गुरूच्या सुमारे दीडपट आणि सव्वादोन दिवसांहूनही लहान वर्ष, एवढे ठाऊक आहे. ताऱ्याच्या इतक्या निकट असलेला वायुग्रह भट्टीसारखा तापलेला असणार. धूमप्रभा, तमःप्रभा, महातमःप्रभा ही नरकभूमींची नावे लहानपणापासून ऐकलेल्या जैन वाचकाला असे वर्णन परके वाटू नये. मात्र त्यावरून ‘हे आमच्या शास्त्रात आधीच होते’ असे म्हणण्याची घाई करू नये. त्यात शास्त्राचाही मान नाही आणि विज्ञानाचाही.

न दिसणाऱ्या ठिकाणचे हवामान मग कळते कसे? ते मांडले जाते, हिशेबासारखे. वातावरणाचे हजारो चौकोनी कप्पे कल्पून प्रत्येकाच्या खात्यात उष्णता, दाब, बाष्प आणि वारा यांची आरंभीची शिल्लक लिहायची. शेजारच्या कप्प्यातून काय आले, काय गेले, हे भौतिकीच्या नियमांनी काढायचे आणि काही मिनिटांनंतरची नवी शिल्लक मांडायची. ही रीत ल्यूइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने १९२२ च्या ग्रंथात सांगितली. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका पथकात सेवा करीत असताना त्याने सहा तासांच्या हवामानाचे गणित हाताने केले आणि ते सपशेल चुकले. वायुदाब १४५ मिलिबारने बदलेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसन अहिंसावादी क्वेकर पंथाचा होता. हवामान खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले तेव्हा, १९२० मध्ये, त्याने नोकरी सोडली. त्याच्या चुकलेल्या गणितापेक्षा हा राजीनामा अधिक लक्षात राहावा असा आहे.

आज तेच गणित महासंगणक करतात. ताऱ्यालगतच्या वायुग्रहांची एक बाजू कायम ताऱ्याकडे असते. तिथे पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वारे उठतील आणि सर्वांत तप्त भाग ताऱ्याच्या समोर न राहता पूर्वेला सरकेल, असे २००२ साली गणिताने सांगितले. २००७ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने एचडी १८९७३३ बी या ग्रहाची उष्णता मोजली, तेव्हा तप्त भाग खरोखर पूर्वेला सरकलेला आढळला. त्या ग्रहावर काचेचा पाऊस आडवा पडतो असे हल्ली सर्रास लिहिले जाते. तो अनुमानाचा भाग आहे, पाहिलेला नव्हे. पुढे २०१८ मध्ये कोरोट-२ बी या ग्रहाचा तप्त भाग नेमका पश्चिमेला निघाला. ताळा जमला नाही. चुंबकीय क्षेत्र, ढग, ग्रहाच्या स्वतःभोवती फिरण्याचा वेग, यांपैकी काय लिहायचे राहिले याचा शोध त्यामुळे सुरू झाला.

कळव्याच्या बाजारात पावसाळ्यापूर्वी पोती फळ्यांवर चढविणाऱ्या व्यापाऱ्याला याचे काय? संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठातील संशोधक दूरच्या ग्रहांसाठी ब्रिटिश हवामान खात्याचे ‘युनिफाइड मॉडेल’ वापरतात. नोएडाचे राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र भारताच्या अंदाजासाठी त्याच मॉडेलची आवृत्ती चालविते. पृथ्वीचे वातावरण पातळ असल्यामुळे गुरुत्वाकर्षण उंचीनुसार बदलत नाही असे गृहीत धरले तरी इथे निभावते. फुगलेल्या वायुग्रहावर निभावत नाही. घरच्या पेढीत वर्षानुवर्षे कोणी न तपासलेली अशी गृहीतके परगावच्या व्यवहारात उघडी पडतात. हा खर्च व्यर्थ आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तरीही खाडीकाठची अडचण निराळी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३. दूरच्या ग्रहाचे वारे हजारो किलोमीटर रुंद असतात, ते मोठ्या कप्प्यांतही सापडतात. आपला ढग उपनगराएवढा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत विकसित झालेली आणि तेथील ‘अर्क’ महासंगणकावर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ मे २०२५ पासून वापरात आली. तिचे कप्पे सहा किलोमीटरचे आहेत; त्यापूर्वीचे सुमारे बारा किलोमीटरचे होते. ठाणे आणि कळवा ही स्थानके सहा किलोमीटरच्या कप्प्यातही एकत्र मावतात. भरतीच्या वेळी पाणी खाडीच्या कोणत्या काठावरील दुकानांत शिरेल, हे त्या खात्यात अद्याप वेगळे लिहिले जात नाही.