दुसरी प्रत

माझा भाचा नव्या मुंबईत महाप्याला संगणकांच्या एका कोठारात रात्रपाळी करतो. "मामा, माझं कपाट बघायला या," असा त्याचा लकडा होता. श्रावणात योग आला. फाटकावर वहीत सही करून आम्ही आत गेलो.

कपाट कसले! काचेमागे टेपांची फडताळे आणि मधून वरखाली धावणारा यंत्राचा हात. भाच्याने पेटीतून नव्या टेपा काढल्या. तळहाताएवढी डबी, दोन सेंटिमीटर जाड. आत अर्धा इंच रुंद आणि ९६० मीटर लांब फीत. "हिच्यात १२ टेराबाइट मावतात," तो म्हणाला. मी आपली मान डोलावली. प्रत्येक डबीवरची काळ्या रेघांची चिठ्ठी नीट चिकटली आहे ना हे पाहून त्याने त्या खणात सरकवल्या आणि दार लावले. हाताने एकेक डबी उचलली, चिठ्ठी वाचली, घरात ठेवली. भरलेल्या टेपा बाहेर आल्या; त्या दुसऱ्या गावी जायच्या होत्या.

"सगळं तारेवरून जातं, मग ही हमाली कशाला?"

"तारेवर चोरही पोचतो, मामा. पेटीतल्या टेपेपर्यंत नाही पोचत. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही लोकांच्या टपालपेट्या रिकाम्या झाल्या. इतर प्रतींतही तीच चूक शिरली होती. टपाल परत आलं ते टेपांवरून."

"म्हणजे टेप भरली की निर्धास्त!"

"छे! मधूनमधून परत वाचून पाहावी लागते. वाचता आली, तरच ती प्रत."

मी गप्प झालो. दहावीत असताना आईच्या जात्यावरच्या ओव्या मी एका वहीत उतरून घेतल्या होत्या. एकच वही, घरच्याच माळ्यावर. वाळवीने ती खाल्ली. पुढे आईही गेली. विषय संपला, असे मी धरून चाललो होतो.

पहाटे चहा पिताना भाचा हसत म्हणाला, "आई हल्ली भाजीत मीठ दोनदा घालते."

मला हसू आले नाही. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होईपर्यंत आईसमोर बसून तोच खुंटा धरून तिने दळण दळले. ओवीला ओवी दिली. दुसरी प्रत होती तर! कोरेगावाकडे सासरी नांदत होती. मीच ती इतक्या वर्षांत कधी वाचून पाहिली नव्हती.

यंदा भाऊबीजेला ओवाळणीच्या पाकिटाबरोबर कोऱ्या वह्या नेणार आहे. एक नव्हे, दोन.